देवांचं जुनं धान्य

रोममध्ये व्हेस्टा या अग्निदेवतेच्या सेवेत सहा कुमारिका असत. त्यांतल्या वयाने वडील तिघी दर वर्षी ७ ते १४ मे या दिवसांत, एक दिवसाआड, गव्हाच्या ओंब्या टोपल्यांत भरून घेत. मग त्या ओंब्या भाजायच्या, कुटायच्या, दळायच्या आणि पीठ साठवून ठेवायचं. हे सगळं त्या स्वतःच्या हातांनी करत. रस्त्यातून निघाल्या तर मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी बाजूला व्हावं असा ज्यांचा मान, त्या बायका या कामासाठी जात्याशी बसत. मिठाचंही तसंच. खडेमीठ कुटून मडक्यात घालायचं, मडक्याचं तोंड लिंपायचं, ते भट्टीत भाजायचं आणि आत दगडासारखा झालेला गोळा लोखंडी करवतीने कापून घ्यायचा. वर्षातून तीनदा, १५ फेब्रुवारी, ९ जून आणि १३ सप्टेंबरला, या पिठात हे मीठ मिसळलं जाई. सरकारी यज्ञात पशूच्या डोक्यावर आधी हे खारं पीठ भुरभुरायचं आणि मगच बळी द्यायचा.

व्हर्जिल या रोमन कवीच्या काव्यावर भाष्य लिहिणाऱ्या सर्व्हिअसने हा मे महिन्यातला तपशील नोंदवून ठेवला आहे. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एकाच गोष्टीपाशी अडून बसले. हा गहू कोणता? रोमन लोक त्याला ‘फार’ म्हणत. शेतीशास्त्राच्या भाषेत तो ट्रिटिकम डायकोकम. म्हणजे आपला खपली गहू. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे आणि कर्नाटकाच्या उत्तर भागात अजून पिकतो तो. रोमच्या राज्ययज्ञातलं धान्य आणि आमच्या आजोळी खिरीला लागायचं ते धान्य एकच, हे कळल्यावर मी दोन दिवस दुसरं काही वाचलं नाही.

खपलीचा स्वभाव ठाऊक असेल तर त्या कुमारिकांच्या सगळ्या खटाटोपाचा उलगडा होतो. साधा गहू मळला की दाणा मोकळा होतो. खपलीचा होत नाही. मळणीत ओंबी मोडते, पण दाणा तुसात घट्ट बसलेलाच राहतो. तो सोडवायला भाजावं लागतं किंवा ओलवून कांडावं लागतं. आमच्या आजोळी, कृष्णाकाठी, आज्जी खिरीसाठी गहू सडायची तेव्हा मी शेजारी बसायचे. ‘आधी पाण्याचा हबका मार, मग मुसळ घे. कोरडा कांडलास तर दाणा फुटतो गं,’ असं ती सांगायची. मुसळाखाली आधी आवाज बोदा यायचा. तूस सुटायला लागलं की तो बदलायचा, आणि आज्जी न बघताच सांगायची, ‘आता पाखड.’ सुपात तांबूस लांबट दाणे मागे राहायचे. मग गूळ, खोबरं, खसखस, सुंठ. चुलीवर ती खीर रटरटत असेपर्यंत कुणी भूक लागली म्हणून कुरकुर करायचं नाही. कारण एवढ्या कांडणानंतरचं ते अन्न होतं, आणि देवाला ताट दाखवल्याशिवाय कुणाला वाढलं जायचं नाही.

प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे की रोमचे लोक पहिली ३०० वर्षं या एकाच गव्हावर जगले, आणि तेही पाव भाजून नव्हे, लापशी शिजवून. पाव करून विकणारे भटारी रोममध्ये आले ते इ.स.पू. १७१ च्या सुमारास, मॅसेडोनियाच्या पर्सिअस राजाशी युद्ध चालू असताना. पुढे सिसिली, आफ्रिका, इजिप्तहून जहाजं भरभरून गहू यायला लागला. तुसातून सहज मोकळा होणारा, पांढऱ्या पिठाचा गहू लोकांना आवडू लागला, आणि खपली मागे पडला.  पण याच प्लिनीने जाता जाता एक वाक्य लिहिलं आहे, आणि माझ्या मते ते त्याच्या धान्यावरच्या सगळ्या प्रकरणात मोलाचं आहे: जुने विधी आणि वाढदिवसाचे नैवेद्य आजही लापशीनेच होतात.

माणसांनी आपलं ताट बदललं. देवाचं बदलायचा धीर त्यांना झाला नाही. प्राचीन धर्मांतल्या धान्याबद्दल आणि पवित्र जेवणाबद्दल जेवढं वाचत गेले तेवढी हीच एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसत गेली. घरात मागे पडलेलं धान्य देवाच्या पानात मात्र तसंच वाढलं जातं, कधी शेकडो वर्षं.

रोमच्या जुन्या सरदार घराण्यांत लग्नाचा सर्वांत पवित्र प्रकार होता तोही याच ‘फार’ गव्हाच्या भाकरीवर उभा होता. महापुरोहित आणि ज्युपिटर या मुख्य देवाचा पुजारी हजर हवेत, शिवाय १० साक्षीदार. ज्युपिटरला भाकर वाहिली की लग्न लागलं. या देवाच्या पुजाऱ्याला आंबवलेल्या पिठाला हात लावायचीही बंदी होती. म्हणजे शहरात गल्लोगल्ली भटारखाने झाले तरी हा माणूस पाव यायच्या आधीच्या काळातच राहत होता. इ.स. २३ मध्ये हे पद रिकामं झालं. उमेदवार तीन हवेत आणि तिघांचेही आईबाप भाकरीच्या विधीने लग्न झालेले हवेत, अशी अट. तिबेरिअस सम्राटाला सिनेटपुढे सांगावं लागलं की अशी माणसं आता सापडत नाहीत. विधी किचकट, बायकोवर त्यातून येणारी कायद्याची बंधनं जाचक, त्यामुळे लोकांनी तो सोडून दिला होता. शेवटी कायद्यात थोडी ढील द्यावी लागली.

आपल्याकडची गोष्ट याहून खोल आहे, आणि ती सांगताना मला घाई करवत नाही. वैदिक यज्ञात पौर्णिमा-अमावास्येच्या इष्टीला पुरोडाश लागतो. पुरोडाश म्हणजे तांदळाच्या किंवा जवाच्या पिठाची जाडसर भाकर, कासवाच्या आकाराची, मातीच्या कपालांवर, म्हणजे खापरांवर भाजलेली. अग्नीसाठी ८ कपालं, अग्नी आणि सोम या जोडीसाठी ११. त्याआधी काळविटाचं कातडं अंथरून त्यावर उखळ ठेवायचं, धान्य कांडायचं, सुपाने पाखडायचं, पाटा-वरवंट्यावर वाटायचं. कांडण सुरू करताना हाक दिली जाते, ‘हविष्कृदेहि’, म्हणजे हवी (अग्नीत द्यायचं अन्न) तयार करणाऱ्या, ये. शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ सांगतो की पूर्वी या हाकेला यजमानाची बायको उठून यायची, आता ती किंवा दुसरं कुणी येतं. त्या ‘पूर्वी’मध्ये मला घरातली उखळ दिसते. यज्ञाची शाळा होण्याआधी ते एका बाईचं रोजचं काम होतं.

त्याच ग्रंथात पुढे एक कथा येते. देवांनी आधी पुरुषाचा बळी दिला, तेव्हा त्याच्यातलं यज्ञाचं सार, मेध, निघून घोड्यात गेलं. घोड्याचा दिला तर बैलात गेलं, तिथून मेंढ्यात, तिथून बोकडात. बोकडाचा बळी दिल्यावर ते जमिनीत शिरलं. देवांनी जमीन खणली तेव्हा त्यांना ते सापडलं, दोन रूपांत: तांदूळ आणि जव. म्हणून आजही ही दोन्ही खणूनच मिळवावी लागतात, असं कथा म्हणते. नंतर पुरोडाशाचं वर्णन येतं. कोरडं पीठ म्हणजे केस. पाणी घातलं की त्वचा. मळलं की मांस. भाजलं की हाड. वरून तूप सोडलं की मज्जा. जो हे जाणतो त्याच्यासाठी या हवीचं बळ त्या सगळ्या पशूंइतकंच.

पशू परवडत नाही म्हणून पिठाची मूठ, असा धाकटेपणा या मांडणीत कुठेच नाही. धान्यातच सगळे प्राणी उतरले आहेत, असं ग्रंथ ठामपणे म्हणतो. मी रोज कणीक मळते. पाणी घातल्यावर पीठ हाताला धरायला लागतं, त्या क्षणाला ‘त्वचा’ म्हणणारा माणूस कधीतरी परातीपाशी बसलेला असणार, हे माझं ठाम मत आहे. नुसत्या पाठांतराने असं सुचत नाही.

याहीपेक्षा जुना थर ऋग्वेदात आहे. तिसऱ्या मंडलातल्या एका सूक्तात सकाळच्या सोमाबरोबर इंद्राला भाजलेले जव, दह्यात कालवलेलं जवाचं पीठ आणि अपूप नावाचे पिठाचे पदार्थ वाढलेले आहेत. पूषा या देवाला तर दातच नाहीत, म्हणून त्याच्यासाठी पीठच. हे सगळं जवाचं जग आहे. आज मराठी घरात जव खातं कोण? तो पूजासाहित्याच्या दुकानातल्या पुडीत मिळतो. श्राद्धाला भटजी सांगतात, विश्वेदेवांना जव, पितरांना तीळ. डब्यातून गेलेलं धान्य विश्वेदेवांच्या पानावर राहिलं आहे.

मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उरुक शहरातली मातीच्या पाटीवरची एक नोंद इथे आठवते. अनु देवाच्या देवळात रोज चार वेळा जेवण, सकाळी मोठं आणि लहान, संध्याकाळी मोठं आणि लहान. पीठ जवाचं आणि खपलीचं. जातं फिरवताना दळणाऱ्याने आकाशातल्या नांगराची ओळ म्हणायची आणि पीठ मळणाऱ्याने निसाबा या धान्यदेवतेला आळवायचं, असं त्यात लिहिलं आहे. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे वाचून परकं वाटणार नाही. उरुकला नांगराची स्तुती, आणि आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. वरी, देवभात, परसातल्या भाज्या. नांगराच्या आधीचं जेवण वर्षातून एकदा तरी जेवायचं, असा तो उपवास असावा असं मला वाटतं.

अथेन्सपासून वीसेक किलोमीटरवर एलेफ्सिना आहे. डिमीटर या धान्यदेवतेचं हे क्षेत्र. मुलगी पाताळात नेली गेली म्हणून डिमीटर अन्नपाणी सोडून हिंडत इथे आली. राजवाड्यात तिला दारू देऊ केली, ती तिने नाकारली. जवाचं पीठ पाण्यात कालवून, त्यात पुदिन्याच्या जातीचा एक रानपाला घालून द्या, म्हणाली. हेच ते किकेऑन. पुढे हजारएक वर्षं तिथे दीक्षा घ्यायला येणारे लोक उपवास करून हेच पेय घेत. ग्रीकांचं जवाचं पीठ बहुधा भाजलेल्या जवाचं असे, म्हणजे आपल्या जुन्या घरांतलं सातूचं पीठच. गुलाम, परदेशी, बायका, ग्रीक बोलता येणारं आणि हाताला खुनाचं रक्त न लागलेलं कुणीही या दीक्षेला यायचं, आणि सगळ्यांना हेच एक पेय.

तोवर अथेन्सच्या सुखवस्तू माणसाला गव्हाचा पाव हवा असे. काळ्या समुद्राकडून गहू आणला जाई आणि जव गरिबाचं अन्न मानलं जाई. पण एलेफ्सिनाला पाठवायच्या पहिल्या पिकाच्या वाट्याचा अथेन्सचा ठराव दगडावर कोरलेला सापडला आहे, त्यात जवाचा ६०० वा भाग आणि गव्हाचा १२०० वा भाग अशी आकारणी आहे. देवीचं मुख्य देणं जवाचंच. क्षेत्राजवळच्या रारिअन शेतात जगातलं पहिलं धान्य पेरलं गेलं अशी श्रद्धा होती, आणि तिथल्या जवाच्याच भाकऱ्या यज्ञाला चालत.

आता आपल्या गावी येते. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी, खंडोबाचा नैवेद्य. वांग्याचं भरीत आणि रोडगा सगळ्यांना आठवतो, पण त्याच ताटात एक ठोंबरा असतो आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ज्वारी सडून घ्यायची, अख्खीच शिजवायची, दही आणि मीठ घालायचं. दळायचं नाही, थापायचं नाही, भाजायचं नाही. भाकरीला जातं हवं, तवा हवा, थापायचा हात हवा. ठोंबऱ्याला एक मडकं आणि विस्तव पुरतो. मल्हारीच्या ताटात भाकरीच्याही आधीचं जेवण बसलेलं आहे. तळी उचलून ‘येळकोट’ झाला की आमच्याकडे सगळे रोडगा-भरितावर तुटून पडतात आणि ठोंबरा वाटीत उरतो. मी तो मुद्दाम घेते. त्याला पिठूळ, किंचित आंबट चव असते, आणि दाताखाली दाणा दाणा वेगळा लागतो.

गौरींचं पाहा. आल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, कित्येक घरांत आंबील. माहेरवाशिणीला आधी घरचं रोजचं आणि मग गोडधोड, असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि तो खराच आहे. पण ज्या घरांत आता रोज पोळीच होते तिथेही त्या दिवशी भाकरी थापली जाते, थापता येत नसेल तर शेजारून आणली जाते. ती का, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘तिला तीच लागते.’

मात्र हा नियम सगळीकडे लागू पडत नाही, आणि जिथे पडत नाही तिथलीही गोष्ट आपल्याच किनाऱ्यावरची आहे. ज्यूंच्या जेरुसलेममधल्या मंदिरात वल्हांडण या सणाच्या दिवसांत जवाची पहिली पेंढी देवापुढे आणली जाई, त्याआधी नवं धान्य खायला मनाई. इ.स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं. कोकणात अलिबागच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक शनवार तेली म्हणत, आपल्या नवसाच्या ताटात पोहे घेतले. हा मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, सभोवती फळं. एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन, हिब्रू प्रार्थना म्हणून तो वाटला जातो. लग्न असो, नवं घर असो, फेडायचा नवस असो. इस्रायलला गेलेली कुटुंबं तिथेही मलिदा करतात. इथे धान्य बदललं. जव गेला आणि भातखाचरांच्या मुलखातला पोहा आला. पण देवापुढे ठेवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हे तसंच राहिलं.

गोव्यात आणि वसईत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. चर्चच्या कायद्याप्रमाणे मिस्सा या पवित्र विधीची भाकर गव्हाचीच हवी, मग गावात गव्हाचं एक रोप नसलं तरी. भूमध्य समुद्राकाठचं धान्य वेदीवरून हललेलं नाही. पण गोव्यातल्या राय गावी ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं तेव्हा पाद्री भाताची नवी कणसं आशीर्वादित करतात, आणि वसईत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेराला लोक भाताच्या लोंब्या घेऊन चर्चला जातात. वेदीवर गहू, हातात भात. या लोकांनी दोन्ही धान्यांचं देणं फेडायचा मार्ग काढला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

रोमचं पुढे काय झालं? इ.स. ३९० च्या दशकात थिओडोसिअस सम्राटाने जुने विधी कायद्याने बंद केले. व्हेस्टाचा अग्नी विझला, खारं पीठ थांबलं. ३९६ मध्ये अ‍ॅलरिकच्या गॉथ सैन्याने एलेफ्सिना उद्ध्वस्त केलं. खपली गहू मात्र संपला नाही. इटलीत टस्कनीतल्या गार्फान्याना खोऱ्यातले शेतकरी तो लावत राहिले, आणि १९९६ मध्ये त्याला युरोपीय संघाची भौगोलिक ओळख मिळाली. आपल्याकडेही कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने तो ठेवला, खिरीसाठी, लापशीसाठी. देवाच्या ताटाने चिमूटभर सांभाळलं, पण बियाणं सांभाळलं ते डोंगरउतारावरच्या आणि नदीकाठच्या माणसांनी. म्हणून ठोंबऱ्यासाठी पावशेर ज्वारी पेठेतल्या दुकानातून आणताना मला बरं वाटत नाही. रानात ज्वारी दर वर्षी कमी होते आहे आणि नुसत्या चंपाषष्ठीच्या पावशेरावर ती टिकणार नाही.

जिथे विधीच धान्याच्या जिवावर उठला अशीही एक जागा आहे, मेक्सिको. अ‍ॅझटेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मध किंवा घायपाताच्या जातीच्या रोपाचा पाक मिसळून विट्सिलोपोच्त्ली या आपल्या देवाची मूर्ती घडवत. वर्षातल्या त्याच्या सणात मूर्तीच्या छातीत बाण मारून तिला ‘ठार’ केलं जाई, आणि मग ती मोडून तुकडे वाटून खाल्ले जात. ज्यांनी ते खाल्ले त्यांच्यावर वर्षभराच्या सेवेचं बंधन येई. साहागुन आणि दुरान या स्पॅनिश धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात हे बारकाईने लिहून ठेवलं. पिठाचा देव घडवायचा, त्याला देवाचा देह म्हणायचं आणि श्रद्धेने खायचा, हे पाहून ते हादरले, कारण ते त्यांच्या स्वतःच्या वेदीच्या फार जवळ येत होतं. या विधींवर बंदी आली आणि त्यांच्याबरोबर राजगिऱ्याचंही मोठं पीक ओसरलं. तरी मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तुल्येवाल्को गावात ते लावणारे लोक राहिले. तिथे आजही राजगिऱ्याच्या लाह्या पाकात थापून वड्या करतात आणि बाजारात विकतात. अमेरिकेतून निघालेला हाच राजगिरा आपल्याकडे गुळाच्या पाकात वळला जातो, आणि भात-पोळी वर्ज्य असलेल्या आषाढी एकादशीला विठ्ठलाच्या उपवासाला निःशंकपणे चालतो.